काचेवरचे वण

मामाची लेन्स माझ्या हाती आली तेव्हा तिची अवस्था अशी होती. पुढच्या काचेवर बारीक ओरखड्यांचं जाळं. समोरून बघितलं तर काहीच नाही, पण ट्यूबलाइटखाली जरा तिरकी धरली की सगळी काच राखेनं घासलेल्या स्टीलच्या ताटासारखी दिसायची. त्याच काचेच्या कडेशी एक खोल टवका, दोनेक मिलिमीटरचा. फिल्टर बसवायचं कडं एका बाजूला चेंबलेलं. बॅरलचा काळा रंग बोटं लागतात तिथे उडालेला आणि खालचं ॲल्युमिनियम पांढरं उघडं पडलेलं. आत, मधल्या एका काचेच्या कडेला बुरशीचे तंतू. ॲपर्चरच्या, म्हणजे प्रकाशाची वाट लहान-मोठी करणाऱ्या, पात्यांवर तेलाची ओल. आणि फोकसच्या कड्यावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका, मामीच्या बाटलीतला.

लेन्स तशी साधी. पेंटॅक्स-एम मालिकेतली ५० मिलिमीटर, एफ/२. के-१००० कॅमेऱ्याबरोबर यायची ती. हा कॅमेरा १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत राहिला. त्याला बॅटरी लागायची ती फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला. बॅटरी संपली तरी शटर चालायचं, त्यामुळे गावोगाव फिरून काम करणाऱ्याला तो भरवशाचा वाटायचा. अंबाजोगाईत मोंढ्याच्या रस्त्याला मामाचा स्टुडिओ होता. आत पोर्ट्रेटसाठी १२० रोलचा यशिका कॅमेरा होता, तो तिपाईवरून सहसा खाली उतरत नसे. बाहेरची कामं सगळी या लेन्सनं व्हायची. लग्नं, बारशी, कॉलेजची गॅदरिंग, निवडणुकीच्या सभा, नाथषष्ठीला पैठणला जाणाऱ्या दिंड्या. कडं चेंबलं ते पैठणच्या गर्दीतच, असं मामी सांगते.

मामा गेल्यावर मामेभावानं, म्हणजे दादानं, कॅमेरा स्वतःकडे ठेवला आणि लेन्स मला दिली. आजच्या डिजिटल मिररलेस कॅमेऱ्यावर एक ॲडॉप्टर लावला की जुन्या लेन्स बसतात हे त्याला ठाऊक होतं. देताना त्यानं एकच अट घातली, "आहे तशी राहू दे. बाबांच्या हातची आहे." पुण्यातल्या माझ्या एका मित्राला जुन्या लेन्स जमवायचा नाद आहे. त्याचा सल्ला बरोबर उलटा होता. पुढची काच घासून पॉलिश करून घे, बॅरलला नवा रंग दे, आकड्यांच्या खाचांत पांढरा रंग भर, नवीकोरी होईल. लेन्स बघून दोघांचाही जीव कळवळत होता, पण दोघंही तिच्याकडे बघत होते. तिच्यातून कोणीच बघत नव्हतं. मला तिच्यातून फोटो काढायचे होते, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा होता. यातलं काय दुरुस्त केल्यानं फोटो सुधारेल, काय केल्यानं लेन्स अजून वीस-तीस वर्षं टिकेल, आणि काय नुसतं दिसायला वाईट आहे?

ओरखड्यांपासून सुरुवात करते. लेन्स हातात घेणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते, आणि फोटोला त्याचाच त्रास सगळ्यांत कमी होतो. हे पटायला मला स्वतःला वेळ लागला.

समोर चिंचेचं झाड आहे असं धरा. त्याच्या एका पानावरून निघालेला प्रकाश लेन्सच्या पुढच्या काचेवर एकाच ठिकाणी पडत नाही, सगळ्या काचेवर पसरून पडतो. मग आतल्या काचा तो गोळा करून फिल्मवर किंवा सेन्सरवर एका बिंदूत आणतात. शेजारच्या पानाचंही तेच, आणि बुंध्याचंही. म्हणजे पुढच्या काचेचा प्रत्येक तुकडा अख्खं झाड काढायला हातभार लावत असतो. काचेवर रेघ आहे म्हणून फोटोत तिथे रेघ उमटत नाही. सगळ्याच चित्राचा प्रकाश कणभर कमी होतो, एवढंच. किती कमी, याचा हिशेब वहीच्या कोपऱ्यात मांडता येतो. ही लेन्स एफ/२ ला पूर्ण उघडली की प्रकाशाची वाट ५० भागिले २, म्हणजे २५ मिमी व्यासाची असते, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ४९० चौरस मिमी. पाच मिमी लांब आणि एक दशांश मिमी रुंद असा ओरखडा धरला तर त्यानं अर्धा चौरस मिमी अडवला. हजारात एक भाग. असे दहा ओरखडे असले तरी शंभरात एक भाग. एवढा फरक डोळ्याला कळत नाही.

ॲपर्चर लहान केलं की हिशेब बदलतो. एफ/१६ ला तीच वाट तीन मिमीच्या जरा वर उरते, क्षेत्रफळ पावणेआठ चौरस मिमी. आता नेमका मधून जाणारा ओरखडा तीन-चार टक्के प्रकाश अडवू शकतो. रेघ तरीही उमटत नाही, कारण काचेचा पृष्ठभाग फोकसच्या जागेपासून फार लांब असतो. चित्र थोडं मऊ पडतं. मागच्या काचेचं मात्र तसं नाही. तिथपर्यंत येता येता प्रत्येक बिंदूचा प्रकाश आकसत आलेला असतो, त्यामुळे तेवढाच ओरखडा त्यातला कितीतरी मोठा वाटा अडवतो, आणि तिथे विखुरलेला प्रकाश थेट सेन्सरवर जाऊन पडतो. म्हणून जुनी लेन्स घेणारा जाणकार माणूस ती आधी उलटी करतो. मामाच्या लेन्सची मागची काच निर्मळ होती. तो लेन्स कॅमेऱ्यावरून काढायचाच नाही.

पण ओरखडा प्रकाश नुसता अडवत नाही, तो विखुरतोही. खरी कुरबुर तिथे आहे. हे बघायला मी अंबाजोगाईतल्या हत्तीखान्यात गेले. डोंगरात कोरलेली ती शिवलेणी मामाची आवडती जागा; नवीन लग्न झालेल्या जोडप्यांना तो हमखास तिथे न्यायचा. ऊन पाठीशी घेऊन चौकातल्या दगडी हत्तीचे फोटो काढले. एफ/२, एफ/५.६, एफ/११. घरी येऊन मोठे करून पाहिले. दगडावरचे खड्डे, शेवाळाचे सुकलेले पापुद्रे, सोंडेवरची झीज, सगळं स्वच्छ. ओरखड्यांचा मागमूस नाही. मग मंडपात आत शिरून चौकातल्या उन्हाकडे तोंड करून काढले, आणि तिथे लेन्सनं हात टेकले. खांबांचा काळोख काळा राहिलाच नाही, त्याच्यावर धुरकट राखाडी पडदा आला. संध्याकाळी रस्त्यावरचे लांबचे दिवे मुद्दाम फोकसबाहेर ठेवून काढले, तेव्हा त्यांच्या गोल चकत्यांपैकी काहींच्या कडेला टवक्याची सावलीही सापडली.

थोडक्यात, ऊन पाठीशी असेल तर ही लेन्स नव्यासारखीच होती. ऊन समोर आलं की तिला आडोसा हवा होता. आडोसा म्हणजे हूड. पुढे बसवायची काळी नळी, बाजूनं येणारा नको तो उजेड काचेवर पडूच न देणारी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध आहे.

हे ओरखडे आले कुठून, तर आपल्या मातीतून. मराठवाड्याच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत गारगोटी तयार होते. खडक झिजला की ती शेतात, रस्त्यात, ओढ्यात येते आणि चुरा होऊन धुळीत मिसळते. खनिजांचा कठीणपणा मोजायची मोहस नावाची एक मोजपट्टी आहे, १ ते १० ची. तिच्यावर गारगोटी ७ आणि काच साडेपाच-सहा. म्हणून धूळ बसलेली काच कोरडी पुसली की पुसणाराच ती खरवडत असतो. धूळ आधी ब्लोअरनं उडवायची आणि मगच मऊ कापड लावायचं, हे आता कुणीही सांगेल. मामा वरातीच्या पुढे उलटा चालत फोटो काढायचा. बँडवाल्यांच्या पायाखालची धूळ तोंडावर, कॅमेऱ्यावर, सगळीकडे. नवरदेव घोड्यावरून उतरायच्या आत फोटो मिळायला हवा. त्या घाईत हाताशी शर्टाचं टोक असायचं आणि तेच काचेवरून फिरायचं. त्या पुसण्यानं केजपासून परळीपर्यंतच्या किती घरांचे अल्बम भरले, हे मला माहीत आहे. त्या ओरखड्यांचा मला राग येत नाही.

मित्र म्हणत होता तसं पॉलिश करून ते घालवता आले असते. पण काचेवर फक्त काच नसते. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण चार टक्के प्रकाश परत फिरतो. या लेन्समध्ये पाच काचा आहेत, सगळ्या सुट्या, म्हणजे दहा पृष्ठभाग. दहा ठिकाणी चार-चार टक्के गेले तर एक-तृतीयांश प्रकाश वाटेतच गळाला. त्यातला काही आतल्या आत उड्या मारत राहतो आणि चित्रावर धुरकटपणा आणतो. यावरचा उपाय म्हणजे काचेवरचा पातळ लेप, कोटिंग. झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये तो निर्वात जागेत काचेवर चढवायची रीत काढली. पेंटॅक्सनं १९७१ पासून अनेक थरांचा लेप वापरायला सुरुवात केली, लेन्सवर ‘एसएमसी’ लिहिलेलं असतं ते त्याचंच. असा एक थर मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढा असतो. पॉलिशची पहिली फेरी फिरली की तो गेला. वर काचेची गोलाई किंचित जरी बदलली तरी फोकस बिघडला. बारीक ओरखडे घालवण्यासाठी जन्मभराचा धुरकटपणा घ्यायचा, असा तो व्यवहार होता. मी नाही म्हटलं, आणि यात मला जराही दुविधा वाटली नाही.

लेपाच्या या गोष्टीला एक सुरेख आधीची गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड डेनिस टेलर नावाचे भिंगांचे रचनाकार होते. तीनच काचांत उत्तम चित्र देणारी कुक ट्रिपलेट ही रचना १८९३ मधली, ती त्यांची. त्याच दशकात त्यांच्या लक्षात आलं की वर्षानुवर्षं हवा लागून ज्या काचांवर डागाळल्यासारखी झाक आली आहे, त्या नव्या स्वच्छ काचांपेक्षा जास्त प्रकाश आत सोडतात. लोक ज्या काचा खराब झाल्या म्हणून परत आणत असतील, त्याच सरस निघाल्या. टेलर यांनी पुढे अशी झाक रसायनांनी मुद्दाम आणायची युक्ती शोधून १९०४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. लॉर्ड रॅले यांनाही जुन्या काचांबद्दल असंच काही १८८६ मध्ये जाणवलं होतं. आज आपण लेन्सवर जांभळी-हिरवी चमक कौतुकानं बघतो, तिची पहिली चाहूल एका डागानं दिली होती.

आता मामाच्या स्टुडिओत जरा जास्त वेळ बसू द्या.

स्टुडिओच्या मागच्या खोलीत खिडकीशी एक उतरतं लाकडी डेस्क होतं. मधे भोक, त्यावर दुधी काच, खाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावरून वर यायचा आणि दुधी काचेवर ठेवलेली निगेटिव्ह उजळायची. मामा तिच्यावर रिटचिंगचं पातळ वॉर्निश बोटानं चोळायचा, म्हणजे शिसं धरतं. पेन्सिलीचं टोक काचकागदावर घासून सुईसारखं करायचा. निगेटिव्हमध्ये चेहऱ्यावरचा काळा डाग पारदर्शक असतो, तिथे शिशाचे बारीक बारीक ठिपके भरत गेलं की प्रिंटमध्ये तो डाग आजूबाजूच्या कातडीत मिसळून जातो. शाळेला सुट्टी लागली की मी त्या डेस्कजवळच्या स्टुलावर असायचे. मामाचा श्वास त्या वेळी जवळजवळ थांबलेला असायचा.

लग्नाच्या स्थळासाठी काढायचे फोटो हे त्याचं मोठं काम. मुरूम, उन्हानं आलेले चट्टे, डोळ्यांखालची रात्रभराची जाग, हे तो कुणाला न विचारता काढून टाकायचा. "हे काय, आठ दिवसांत जाणारच हाय," म्हणायचा. तीळ कधी काढायचा नाही. जुना वण असेल तर मात्र थांबायचा आणि विचारायचा. त्या काळी देवीचे वण असलेले चेहरे बरेच दिसायचे. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला, पण ज्यांना लहानपणी देवी येऊन गेली होती त्यांच्या गालावर त्या राहिल्याच. मुलीचे वडील हळूच सांगायचे, तेवढं जरा गुळगुळीत करा. मामा करायचा. पोट त्याच्यावर होतं, आणि बापाची काळजीही त्याला दिसायची.

एकदा केजकडच्या एका मुलीचे फोटो असेच करून दिले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आईला घेऊन परत आली आणि म्हणाली, "दादा, अजून एक प्रत द्या. ही नको, माझी द्या." निगेटिव्हवरचं शिसं पुसता येतं. मामानं वॉर्निशसकट ते काढलं आणि तिच्या वणांसह नवा प्रिंट करून दिला. त्याचे पैसे त्यानं घेतले नाहीत. पुढे स्थळाकडे कोणता फोटो गेला हे आम्हाला कळलं नाही. मामीला मात्र तो बरेचदा सांगायचा, "जाणारं असंल ते काढावं. राहणारं असंल तर ज्याचं त्याला विचारावं."

लेन्स टेबलावर ठेवून मी हेच वाक्य तिच्यावर लावून बघितलं, आणि ते लागलं, फक्त जरा बदलून. लेन्सच्या बाबतीत भीती जाणाऱ्याची नसते, वाढणाऱ्याची असते. ओरखडे आज आहेत तेवढेच उद्या असतील. रंग उडालेला आहे, तो थोडा अजून उडेल, त्यानं काही होत नाही. पण बुरशी वाढते. तेल पसरतं.

बुरशी म्हणजे कोकणातला, मुंबईतला रोग असं आपण इकडे समजतो. आपल्याकडे वर्षातले आठ महिने हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, ही गोष्ट खरी. पण मृगापासून दसऱ्यापर्यंत लेन्स चामड्याच्या केसमध्ये, ती केस लोखंडी कपाटात आणि कपाट बंद खोलीत असेल, तर आत तिचं कोकणच होतं. चामडं ओल धरून ठेवतं. बुरशीला खायला काचेवरची बारीक धूळ आणि तेलकटपणा पुरतो, आणि ती जे आम्ल सोडते ते आधी लेप खातं, मग काच. वेळेत काढली तर खूण राहत नाही. उशीर झाला तर तंतू निघाले तरी त्यांची नक्षी काचेत कोरलेली राहते. मामाच्या आजारपणात स्टुडिओ बंद होता, तेव्हाचे पावसाळे त्या केसमध्ये गेले असणार. सुदैव इतकंच की या लेन्समध्ये एकमेकींना चिकटवलेल्या काचा नाहीत. चिकटवलेल्या जोडीच्या मधे बुरशी शिरली किंवा तो डिंकच सुटला, तर साध्या साफसफाईनं भागत नाही. इथे पाचही काचा वेगळ्या करून पुसता येत होत्या.

तेलाचं कारण आपला उन्हाळा. स्टुडिओवर पत्रे होते. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना पत्र्याखालच्या कपाटात काय असेल याचा विचार करा. फोकसच्या आट्यांमधलं ग्रीस पातळ होतं, त्यातलं तेल सुटून हळूहळू ॲपर्चरच्या पात्यांवर उतरतं. मामाच्या कॅमेऱ्यासारख्या जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात पाती एरवी उघडी असतात आणि शटर दाबल्याक्षणी झटकन मिटतात. ती तेलानं चिकटली तर मिटायला उशीर होतो आणि फोटो पांढरा पडतो. माझ्या मिररलेसवर पाती मी आधीच मिटवून ठेवते, त्यामुळे तो तोटा मला नव्हता. पण त्याच तेलाची वाफ वर्षानुवर्षं आतल्या काचांवर बसून धुकं धरते. तेही काढायलाच हवं होतं.

याच दिवसांत अजिंठ्याला जाणं झालं, पाहुणे आले होते म्हणून. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभी असताना डोक्यात ही लेन्सच घोळत होती. अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात होता. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या काळात, १९२० ते १९२२ च्या सुमारास, चित्रांच्या जतनासाठी इटलीहून दोन जाणकार बोलावले गेले, लोरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी. त्यांनी दोन प्रकारची कामं केली. खडकापासून सुटत चाललेला चित्रांचा गिलावा त्यांनी पुन्हा पक्का बसवला; तो पडला असता तर चित्र कायमचं गेलं असतं. आणि चित्रांवर त्यांनी लाखेचं, म्हणजे शेलॅकचं, वॉर्निश चढवलं. ते पुढे पिवळं पडत गेलं, त्याखाली रंग झाकोळले, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना पुढची कितीतरी वर्षं ते इंचाइंचानं काढावं लागलं. माणसं तीच, हेतूही चांगलाच. मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. त्या काळी शेलॅक हा मान्य उपाय होता. पण त्या भिंतीसमोर उभं राहिलं की कोणतं काम चित्रासाठी होतं आणि कोणतं चित्र उठून दिसण्यासाठी, हे डोळ्यांनी दिसतं.

परतीच्या वाटेवर छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीच्या मागच्या गल्लीत गेले. तिथे एक वयस्कर कारागीर लेन्स उघडतात. त्यांच्याविषयी स्टुडिओवाल्यांकडून ऐकलं होतं. लेन्स त्यांनी हातात घेतली, कानाशी नेऊन हलकेच हलवली, आधी उलटी करून मागची काच बघितली, मग आत टॉर्च मारला. पुढच्या काचेवरून नुसती नजर फिरवली. "काच को नक्को छेडो मॅडम," इतकंच म्हणाले. मी काही विचारायच्या आत.

बुरशी आणि तेल यावर आमचं बोलणं दोन वाक्यांत संपलं. अडलं ते चेंबलेल्या कड्यावर. माझ्या यादीत ते दिसण्यापुरतं व्यंग होतं. फोटोशी त्याचा काही संबंध नाही, मामाच्या पैठणच्या वारीची ती खूण, तशीच राहू दे, असं मी ठरवून गेले होते. कारागीर चाचांनी हूड मागितला, पुढे लावला, आणि तो दुसऱ्याच आट्याला अडकला. कडं वाकलं होतं, आटे जुळत नव्हते. ओरखड्यांना हात लावायचा नसेल तर समोरच्या उजेडाला हूड हवा, हूड बसायचा तर कडं सरळ हवं. ओरखडे तसेच ठेवण्याची किंमत या कड्यानं द्यायची होती. एका ठिकाणचं व्यंग राखायचं म्हणून दुसऱ्या ठिकाणचं घालवावं लागतं, हे मी घरी बसून केलेल्या विचारात कुठेच नव्हतं, आणि त्यांच्या दुकानात अर्ध्या मिनिटात कळलं.

चाचांकडे शिसवीचा गोल ठोकळा होता, बरोबर कड्याच्या आतल्या गोलाईचा. तो आत धरून लाकडी हातोडीनं बाहेरून अगदी हलके ठोके. मधेमधे हूड लावून बघायचा. हूड शेवटपर्यंत फिरला त्या क्षणी त्यांनी हातोडी खाली ठेवली. कडं अजूनही पुरतं गोल नाही, बोट फिरवलं की लागतं. "और ठोकूंगा तो तडकेगा," म्हणाले. तेवढ्यावरच थांबलो. ठोक्यांच्या जागी रंगाचा थोडा पापुद्रा निघाला, तो तसाच ठेवला.

मग लाल ठिपका. चाचांनी थिनरचा बोळा हातात घेतलाच होता. "ये निशान निकालूं क्या?" मी नको म्हटलं आणि का ते सांगितलं. तो ठिपका साडेतीन मीटरच्या जागेसमोर आहे. मामाच्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, २८ होता. त्याला अंतरानं भागलं की ॲपर्चर मिळतं. अठ्ठावीसला साडेतीननं भागलं की आठ. म्हणजे १०० आयएसओचा रोल, एफ/८, आणि फोकस ठिपक्यावर. एवढं लावलं की अडीच-पावणेतीन मीटरपासून पाच मीटरपर्यंतचं सगळं ठीक दिसतं. स्टेजवरचे नवरा-नवरी, मागचे आई-वडील, पुढचा करवलीचा ताट धरलेला हात, सगळे त्या पट्ट्यात येतात. अंधाऱ्या मांडवात फोकस बघत बसायची गरज नाही. अक्षता पडत असताना मामा ठिपका जुळवायचा आणि मोकळ्या डोळ्यांनी माणसं बघायचा. चाचा हसले. त्यांच्या स्वतःच्या जुन्या लेन्सवर पांढऱ्या रंगाची अशीच खूण आहे, म्हणाले. कापूस बाजूला ठेवला आणि ठिपक्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावूनच लेन्स उघडायला घेतली.

आकड्यांच्या खाचांत कुंकू निघालं, खंडेनवमीच्या पूजांचं. ते त्यांनी विचारलंही नाही, तसंच ठेवलं.

टवक्याचं एवढं राहिलं होतं. त्याच्या उघड्या कडा चमकतात आणि तिथूनच उजेड उसळतो. चाचांनी अगदी बारीक कुंचल्यानं त्यात काळी शाई भरली. आता तिथे काळा ठिपका दिसतो, आधीपेक्षा ठळक. दादानं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. नीट करायला नेलीस आणि डाग वाढवून आणलास, म्हणाला. मी त्याला हत्तीखान्यात नेलं, मंडपातून उन्हाकडे आधी काढलेला फोटो आणि आताचा, दोन्ही शेजारी ठेवून दाखवले. खांबांचा काळोख बराचसा परत आला आहे. पूर्ण नाही. जाळं आहेच, त्यामुळे सूर्य अगदी चौकटीत आला तर पडदा अजून येतो, आणि तो येणार. दादा बराच वेळ दोन्ही फोटो पुढे-मागे करत राहिला. मग त्यानं विचारलं, बुरशी पुन्हा होईल का?

होऊ शकते. निघालेल्या बुरशीची खूण एका काचेच्या कडेला राहिली आहे, केसाएवढी, फोटोत न येणारी. चामड्याची केस दादाला परत दिली. लेन्स आता झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर असते, आणि महिन्यातून एकदा तरी बाहेर उन्हात काम करते, कारण वापरातल्या लेन्सला बुरशी सहसा लागत नाही. पाऊस सरला की आत टॉर्च मारून बघायचं आमचं ठरलं आहे. दादा म्हणाला, खंडेनवमीला तो कॅमेरा घेऊन येईल, पूजा दोन्हींची एकत्रच करू, आणि टॉर्च त्याच्या आधी मारू.